पहिलं सिझर झालंय, दुसरं बाळंतपण कुठं आणि कसं करावं? गावाकडच्या मायांनो, सांगा

तुरीची_शेंग
नमस्कार सगळ्यांना. मी इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहून राहिली. आमचं गाव पांढरकवड्याच्या आत आहे, हायवे सोडून बरंच आत जावं लागते अन् मधात एक नाला आहे. मला सातवा लागला, तारीख पोळ्याच्या आसपास दिली आहे. मोठा पोरगा साडेतीन वर्षांचा. तो पायाळू होता म्हणून सिझर झालं, एका प्रायव्हेट दवाखान्यात. पाणी गेल्यावर रात्रभर मी आत एकटी टेबलावर, आई बाहेर पायऱ्यांवर बसून, कोणाला आत येऊ देत नव्हते, काय होऊन राहिलं ते कोणी सांगत नव्हतं, सकाळी एकदम कागदावर सही घेतली अन् ऑपरेशनला नेलं. लेकरू चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती रात्र डोक्यातून जात नाही.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं चालू आहे. सासूबाई म्हणतात घरीच करू, दाई आहे गावात, आमची पाच लेकरं तिच्या सासूच्या हातानं झाली. हे म्हणतात पुन्हा त्याच दवाखान्यात जाऊ, पैसे उचलून आणतो. आशाताई पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाव घाल म्हणते. आई म्हणते माहेरी ये, माझं माहेर हिंगणघाटकडं आहे. नॉर्मल झालं तर मला आवडेल पण हट्ट नाही. मला एवढंच पाहिजे की सोबत आपलं कोणी असावं अन् काय चाललं आहे ते मला समजावं. पेरणी आटोपली, आता निंदण सुरू होईल, मग घरात कोणालाच सवड नसणार, मोठ्या पोराला कोण पाहणार तेही समजून नाही राहिलं. तुमच्याकडं कोणी काय केलं ते सांगा न.

वर्धेची_लेक
ताई, बरं केलं लिहिलं. आधी एक काम कर, पेटी उघड अन् पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोध. मी दुसऱ्या वेळी वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात गेली तर डॉक्टर मॅडमनी माझ्या पोटाला हात लावायच्या आधी ते कार्ड मागितलं. गर्भपिशवीवर चिरा कुठं दिला होता, आडवा खाली की उभा, सिझर कशासाठी केलं, नंतर ताप-बीप आला होता का, सगळं त्याच्यावरून ठरते. पोटावरची खूण वरून पाहून आतलं समजत नाही असं त्या म्हणाल्या, वरचा चिरा आडवा असला तरी पिशवीवरचा वेगळा असू शकते. माझं पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल झालं. पण मोठ्या दवाखान्यात झालं, घरी नाही. सासूबाईंना नीट समजावून सांग, भांडू नको, पण घरी हा विषय एकदा सिझर झालेल्या बाईसाठी नाहीच.

सबसेंटरवाली
मी एएनएम आहे, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्राची सिस्टर, खूप वर्षं झाली सबसेंटरला. वर्धेची_लेक बरोबर सांगून राहिली, थोडं खुलासेवार लिहिते.

एक सिझर, खालच्या भागात आडवा चिरा, अन् कारण पुन्हा येईलच असं नाही, जसं तुझं पायाळू होतं, तर पुढचं नॉर्मल व्हायला चांगला वाव असते. अशा बायांनी प्रयत्न केला तर शंभरातल्या साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होते. दोन बाळंतपणात तुझं अंतरही चांगलं आहे. धोका एकच पण मोठा आहे, कळांच्या जोरानं जुना टाका आतून उसवणे. तो दोनशेत एखादीला होते, पण ज्या एकीला होते तिला मिनिटं मोजून ऑपरेशन लागते, रक्त लागते. म्हणून जिथं चोवीस तास सिझर करणारे डॉक्टर, भूलवाले डॉक्टर अन् रक्त आहे तिथंच जायचं. आमच्या पीएचसीत ही सोय नसते. तपासणी, गोळ्या, लस, सगळं पीएचसीत कर, आशाताई चुकीचं नाही सांगत, पण बाळंतपण तिथं नको.

अन् हे सगळ्याच बायांनी वाचा: कळा वाढवायचं इंजेक्शन गावात कोणाकडूनही घेऊ नका. कोणी डॉक्टर म्हणवून घेणारा येते, सलाईनमध्ये सुई देते, म्हणते आता झटक्यात मोकळी होशील. जुना टाका असलेल्या बाईची पिशवी त्यानं फाटू शकते. टाका नसला तरी बाळ गुदमरू शकते. मी हे डोळ्यानं पाहिलं आहे, म्हणून इतकं कळकळीनं लिहिते.

हिमोग्लोबिन किती आहे तुझं?

तुरीची_शेंग
सिस्टर, कार्ड सापडलं, खताच्या पावत्यांमध्ये होतं. एलएससीएस लिहिलं आहे अन् खाली ब्रीच, म्हणजे पायाळू. हिमोग्लोबिन मागच्या महिन्यात ९.२ होतं. गोळ्या देतात पण मला मळमळते म्हणून कधी घेते कधी नाही.

सबसेंटरवाली
एलएससीएस म्हणजे खालचा चिरा, चांगलं आहे. ते कार्ड आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून माता बाल संरक्षण कार्डासोबतच ठेव, वेगळं ठेवू नको.

९.२ वर आपल्याला थांबायचं नाही. गोळी रात्री झोपताना घे, चहासोबत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घे, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नको, दोन्हीत अंतर ठेव. तरी मळमळलं तर येत्या तपासणीत सांग, शिरेतून देण्याचं लोहाचं इंजेक्शन असते, ते दवाखान्यातच देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, ती चुकवू नको. बाळंत होताना रक्त सगळ्याच बायांचं जाते, अंगात आधीच कमी असलं तर थोडं गेलेलंही झेपत नाही.

राळेगावची_आजी
नातू टाइप करून देते, मी बोलते. तुमी सगळ्या शिकलेल्या पोरी हा, मी काई वाद घालत नाही. पण दाईले एकदम मोडीत काढू नका. माह्या टायमाले दाई आली का घरची होऊन जाय. रातभर बसे. कमरेले तेल चोळे, पाठीवर गरम पाण्याचा हात फिरवे, मले खांबाले धरून उभी करे, म्हणे कळ आली का खाली बस, गेली का उठ. आडवं निजू देत नव्हती. चहा पाजे. मी बोंबलली तरी रागावे नाही, म्हणे बोंबल माय, तुयच घर आहे. दवाखान्यात नातसुनेले नेलं तर तिले म्हणे आवाज करू नको. पोरीले उताणी पाडून ठेवली अन् पोटावर एका बाईनं जोर देऊन दाबलं. हे कोणतं शास्त्र हाय ते सांगा मले.

सबसेंटरवाली
आजी, तुमचं बोलणं मी मनावर घेते, अन् तुमचंच बरोबर आहे असंही सांगते. पोटावर दाबून बाळ काढायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट नको म्हटलं आहे. सरसकट खालून कापायलाही नको म्हटलं आहे. कळा देताना बाईनं चालावं, बसावं, उकिडवं व्हावं, तिला जसं बरं वाटते तसं राहावं, पाणी प्यावं, काही हलकं खावं, हे त्यातच लिहिलं आहे. तुमची दाई जे करत होती त्यातलं बरंचसं आता डॉक्टरांच्या पुस्तकात आलं.

पण आजी, दाईजवळ दोन गोष्टी नव्हत्या, रक्त थांबवायचं औषध अन् ऑपरेशन. वार पडल्यावर धार लागली की बाई अर्ध्या-एक तासात हातची जाऊ शकते. तुमच्याही गावात अशा गेलेल्या असतील.

राळेगावची_आजी
गेल्या न बाई. माही नणंदच गेली. वार अडकली होती. बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं होतं.

वर्धेची_लेक
आजी 🙏

सबसेंटरवाली
म्हणूनच मी आमच्या भागात एक सांगत असते, दाईला सोबत घेऊन दवाखान्यात चला. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्येच सांगितलं आहे की सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईसोबत एक बाई राहू शकते, नात्यातली, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली. नवऱ्यालाही राहता येते पण जिथं पडदे-आडोसा आहे तिथंच, कारण जनरल लेबर रूममध्ये दुसऱ्या बायाही असतात. ती सोबतीण कोणता इलाज करत नाही, डॉक्टर-सिस्टरच्या कामात हात घालत नाही, फक्त बाईजवळ राहते. पाठ चोळते, पाणी पाजते, धीर देते, अन् काही वेगळं दिसलं तर आम्हाला हाक मारते. मला विचाराल तर अशी एक समजदार बाई टेबलाजवळ असली की आमचं काम सोपं होते. सोबत असलं की बाईच्या कळा कमी वेळ चालतात, सिझर कमी होतात, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

सगळीकडं हे पाळतात असं मी म्हणणार नाही. म्हणून कळा सुरू झाल्यावर दारात भांडण्यापेक्षा तपासणीलाच विचारून ठेवायचं: मॅडम, माझ्यासोबत आत कोण राहू शकते? नाव सांगून ठेवायचं अन् त्या बाईला एका तपासणीला घेऊनच जायचं, म्हणजे तिला जागा अन् सिस्टर ओळखीच्या होतात.

पर्लकोटा
मी गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात आश्रमशाळेत शिकवते. नाल्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर आली की भामरागडचा संपर्क तुटतो, दरवर्षीचं आहे. त्यामुळे इथं ‘कळा आल्या की निघू’ हे चालतच नाही. आदिवासी भागातल्या पीएचसींना माहेरघर आहेत, तारीख जवळ आली की बाई आधीच तिथं येऊन राहते, सोबत एक जण अन् लहान लेकरू असलं तरी चालते, जेवण मिळते. सुरुवातीला बाया यायला तयार नव्हत्या, म्हणत घर सोडून परक्या ठिकाणी काय बसायचं, शेळ्या कोण पाहील. मग ज्या राहून आल्या त्यांनीच दुसऱ्यांना आणलं. रात्री सगळ्या पोटुशा बाया एका ओळीत बसून गोंडीत गप्पा मारतात, एकीची आई सगळ्यांच्या पायाला तेल लावते, ते पाहून मला फार बरं वाटलं होतं.

तुझ्याकडं माहेरघर नसेल पण तुझं खरं माहेर आहे अन् ते दवाखान्याच्या जवळ आहे. पोळ्याच्या भरवशावर राहू नको, नाल्याला पाणी यायच्या आधीच तिकडं जा.

अजून एक. सिकलसेलची तपासणी झाली का तुझी अन् तुझ्या नवऱ्याची? हा आई-बापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार आहे, विदर्भात खूप आहे, आदिवासी समाजात आहे, इतर समाजातही आहे. दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नाही पण अंगात त्याचा अंश आहे, तर प्रत्येक लेकराला आजार असण्याची शक्यता चारातली एक. आईलाच आजार असला तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करावं लागते. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, बोटातलं थेंबभर रक्त घेतात.

तुरीची_शेंग
माझी झाली, नाही आहे. यांची नाही केली.

पर्लकोटा
तुझी नाही आली तर या लेकराला तो आजार होणार नाही, निश्चिंत राहा. यांची तरी करून घे, घरातल्या बाकीच्यांना समजते.

सोयाबीनवाला_बाप
ताईहो, मी पुरुष आहे, लिहू की नको असं वाटत होतं, पण भाऊंच्या बाजूनं थोडं लिहितो. ‘पैसे उचलून आणतो’ हे वाचलं अन् राहवलं नाही. मागच्या वर्षी सोयाबीनचं काय झालं सगळ्यांना माहीत आहे. व्याजानं पैसे उचलून बाळंतपण करायची गरज नाही. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझर, औषध, तपासण्या, सोनोग्राफी, रक्त सगळं फुकट आहे, २०११ च्या जून महिन्यापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (जेएसएसके) आहे. नॉर्मल झालं तर तीन दिवस अन् सिझर झालं तर सात दिवस आईचं जेवण त्यात आहे. घरून दवाखान्यात न्यायला, तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं तर तिकडं, अन् शेवटी घरी सोडायला गाडी फुकट. बाळ आजारी पडलं तर एक वर्षाचं होईपर्यंत त्याचाही इलाज त्यात येतो. गाडीसाठी १०२, अन् अचानक जीवावरचं काही असलं तर १०८.

आम्हाला एके ठिकाणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली होती. मी शांतपणे म्हणालो, हे जेएसएसकेत येते न, कागदावर लिहून द्या की उपलब्ध नाही. औषध आतूनच निघालं. ओरडायचं नाही, पण माहीत पाहिजे.

गाडीचं एक सांगतो. गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर घ्या, एकाचाच नाही, एकाची गाडी लग्नाला गेलेली असते. रात्री फोन उचलतील का ते आधी विचारा. अन् तुमच्या गटाचं रक्त देणारे दोन-चार जण फोनमध्ये ठेवा. हे काम भाऊंना द्या, त्यांनाही वाटते काही करावं म्हणून, फक्त काय करावं ते समजत नाही आपल्याला.

अकोल्याची_माय
माझे दोन्ही सिझर आहेत. दुसऱ्या वेळी नॉर्मलसाठी थांबायचंच ठरलं होतं पण आठव्यात डोकं फुटायला आलं, डोळ्यापुढं काजवे, पाय सुजलेले, बीपी खूप वाढलं, मग तातडीनं सिझर. ते झालं म्हणून मी अन् पोरगी दोघी आहोत. बारशाला एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, हिला काय, कळा नाही सोसाव्या लागल्या. मी आठ दिवस वाकून उठू शकत नव्हती. तर तुरीची_शेंग, तू नॉर्मलचा प्रयत्न कर पण मनात हेही ठेव की मधात डॉक्टर म्हणाले आता सिझर, तर तू हरली असं काही नाही. काहून करायचं ते मात्र विचार. तुला सांगितलं पाहिजे, तो तुझा हक्क आहे.

वर्धेची_लेक
अकोल्याची_माय, अगदी. गरजेचं सिझर अन् सोयीचं सिझर यात फरक आहे इतकंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात प्रायव्हेट दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर निघाले अन् सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. अवघड केसेस सरकारी मोठ्या दवाखान्यांतच येतात, तरी आकडा उलटा. म्हणून विचारणं गरजेचं आहे. ‘आत्ता केलं नाही तर काय होईल, थोडं थांबलं तर चालते का’ एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ समजते.

आशा_घाटंजी
मी आशा आहे. तुम्ही सगळ्या बाळंतपणापर्यंतच बोलून राहिल्या, घरी आल्यावरचं कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. आमच्या सहा भेटी असतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या दिवशी. दवाखान्यात असली तर घरी आल्यापासून. ही पद्धत आपल्या विदर्भातूनच देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांतल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली अन् तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आलं. म्हणजे सातवी-आठवी शिकलेल्या गावच्या बाईनं ते केलं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

घरी गेली की मी आधी हात धुते, कोपरापर्यंत, साबणानं, अन् सासूबाईंना पाहू देते, म्हणजे त्याही धुतात. मग बाळाला झोळीत घालून काट्याला लावते. झोळी वर उचलली की बाळ पाय आखडते अन् घरातल्या सगळ्या बाया श्वास धरून काट्याकडं पाहतात. अडीच किलोच्या खाली असलं तर माझ्या भेटी वाढतात. मग काखेत थर्मामीटर. मग बाळ शांत असताना छातीवरचं कापड बाजूला करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते, साठ किंवा वर गेले तर पुन्हा मोजते, पुन्हा तेवढेच आले तर लगेच दवाखाना. रडणं बारीक झालं, दूध ओढणं सोडलं, हातपाय ढिले पडले, अंग थंड लागलं, छाती खड्डा पडून आत जाऊन राहिली, बेंबीत पू आला, यातलं काहीही दिसलं तर माझी वाट पाहू नका, निघा.

अन् आता ज्यावरून माझं घरोघरी वाजते ते सांगते. शेगडी. बाजेखाली निखारे, दारं-खिडक्या बंद, आत बाळंतीण अन् बाळ. बाळाला ऊब पाहिजे हे खरं आहे, पण ती आईच्या छातीला लावून, टोपी-मोजे घालून, गोधडीत घेऊन मिळते. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचते, दिसत नाही अन् वासही येत नाही. मी सासूबाईंना म्हणते, शेकायचं असलं तर आईची कंबर शेका गरम पाण्याच्या पिशवीनं, निखारे बाहेर.

दुसरं पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडं ४५-४६ डिग्री जाते, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं तर विचारूच नका, मग आजीला वाटते लेकरू तहानलं. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असते. सहा महिने वरचा थेंब नाही, घुटी नाही, मध नाही. पाणी आईनं प्यायचं, तांब्या जवळ ठेवा. चिकाचं दूध सांडवू नका, पहिल्या तासात लावा, सिझर झालं तरी लावता येते.

अन् बाळंतिणीला वरण बंद, भाजी बंद, नुसता भात-तूप किंवा भाकर-तूप, हेही सोडा. डिंकाचा लाडू, अळीवाची खीर द्या, खूप चांगलं आहे, त्यासोबत वरण, पालेभाजी, अंडं चालत असलं तर अंडं.

राळेगावची_आजी
शेगडीचं बरोबर बोलली. आमच्या घरात धुरानं लेकरू निळं पडलं होतं एक. तवा समजलं नाही. बाळंतशेपा तरी खाऊ द्याल का नाही?

आशा_घाटंजी
खाऊ द्या आजी, बाळंतशेपा, सुंठ, ओवा, काही हरकत नाही 😊

नाव_नको
मी नाव नाही लिहीत. माझं बाळंतपण नीट झालं, नॉर्मल, सगळं फुकट, सगळे खूश. पण घरी आल्यावर मला लेकराकडं पाहावंसं वाटत नव्हतं. रडू यायचं, झोप नाही, असं वाटे आपण विहिरीत जावं. घरचे म्हणाले बाहेरची बाधा आहे, लिंबू उतरवलं. दोन महिने असंच गेलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं ते शेजारच्या एका काकूनं, ती रोज दुपारी येऊन बाळाला घेऊन अंगणात बसायची अन् मला म्हणायची तू झोप. एक दिवस तिनंच मला यवतमाळला डॉक्टरकडं नेलं. गोळ्या चालू केल्या, दूध पाजत असताना चालतील अशा दिल्या. आता मी बरी आहे. एवढंच लिहायचं होतं की ज्या बाईचं बाळ चांगलं आहे तिचीही विचारपूस करा.

सबसेंटरवाली
ताई, तुम्ही हे लिहिलं त्याचं मोल खूप आहे. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत रडू येणं, मन हळवं होणं बऱ्याच जणींना होते, आपोआप जाते. त्याच्या पुढं चाललं, किंवा जिवाचं काही करावंसं वाटलं, तर तो आजार आहे अन् त्याला औषध आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, दिवसरात्र, मराठीत बोलतात. जिवाचे विचार येत असतील तर त्या बाईला एकटं सोडायचं नाही.

कापूसवेचणी
आर्णी तालुक्यातली आहे मी. मोठ्या पोराचं कोण पाहणार या तुझ्या प्रश्नावर कोणी नाही लिहिलं. आमच्या बचत गटानं एक केलं आहे ते सांगते, नीट जमलेलं अन् न जमलेलं दोन्ही.

गटाच्या मीटिंगमध्ये महिन्यातून एकदा आम्ही नुसतं पोटुशा अन् बाळंतिणी बायांचं बोलतो. आशाताई सांगत होती की झारखंड-ओडिशात एकजूट नावाच्या संस्थेनं असेच बायांचे गट बसवले, चित्रं दाखवून, गोष्टी सांगून, आपल्या गावात काय अडते ते बायांनीच शोधायचं, अन् तीन वर्षांत तिथं नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्के कमी झाले. आमच्यात पहिल्याच मीटिंगला निघालं की अडचण दवाखाना नाही, अडचण घर सोडणं आहे. कापूस वेचणीत मजुरी बुडते, घरी लेकरं, गाई-म्हशी. मग आम्ही वाटून घेतलं. जिची तारीख जवळ, तिच्या मोठ्या लेकराला कोण ठेवणार ते आधीच ठरते, अन् ते लेकरू आधी दोन-चार रात्री त्या घरी झोपून पाहते. गटातून बिनव्याजी उसने पैसे मिळतात. दवाखान्यात सोबत जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते म्हणून तिच्या वावरात बाकीच्या एक-एक दिवस जातात.

जमलं नाही ते डब्याचं. बाळंतिणीला आळीपाळीनं डबा द्यायचा ठरलं, तर एका घरून म्हणे अमक्याच्या घरचा डबा आम्हाला चालत नाही. जातीवरूनच ते. मला खूप राग आला अन् अजूनही येते. आता आम्ही काय करतो, लाडवाचं सामान, डिंक, खारीक, खोबरं, अळीव, गूळ, तूर डाळ, हे गोळा करून अंगणवाडीत सगळ्याजणी मिळून बसून लाडू वळतो. तिथं वळलेला लाडू कोणाच्या घरचा ते कोणी विचारत नाही. ज्या घरानं नकार दिला होता त्यांची सूनही वळायला येते.

तुरीची_शेंग
सगळ्यांचं वाचलं, दोन-दोनदा वाचलं. यांनाही वाचायला दिलं. सोयाबीनवाल्या भाऊंचं वाचून हे उठून सरळ गाडीवाल्याला फोन करायला गेले. सासूबाईंना आजींचं वाचून दाखवलं, नणंदेचं ऐकलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नंतर म्हणाल्या दाईला तुझ्यासोबत पाठवू का.

आता असं ठरलं आहे की नाल्याला पाणी यायच्या आधी माहेरी जाते. तपासणी सेवाग्रामला, बाळंतपणही तिथंच, नॉर्मलचा प्रयत्न होईल की नाही ते मॅडम कार्ड पाहून सांगतील. आत सोबतीला आईची जाऊ, तिची तीन बाळंतपणं झाली आहेत अन् ती घाबरत नाही. दाईबाई वयस्कर आहेत, त्यांना तिथपर्यंत नेणं जमणार नाही, पण निघायच्या आधी त्या काकूला पाठ कशी चोळायची ते फोनवर व्हिडिओ लावून शिकवणार आहेत. मोठ्या पोराला सोबतच नेते, माहेरी माझी भाची त्याच्याएवढीच आहे.

एकच राहिलं. सरकारी पैसे मिळतात का काही? अन् पिशवीत काय काय घेऊन जायचं, काकूला काय सांगू?

सबसेंटरवाली
मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० असतात, तुला तेव्हा मिळाले का ते आशाताईला तपासायला सांग. दुसरी मुलगी झाली तर ६००० आहेत. जननी सुरक्षेचे ग्रामीण भागात ७०० आहेत, ते दारिद्र्यरेषेखालच्या अन् अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना. आधार अन् बँकेचं पासबुक तुझ्या स्वतःच्या नावाचं ठेव. माहेरी जाताना इथल्या आशाला अन् तिथल्या आशाला दोघींनाही एकमेकींचा नंबर दे, नाहीतर घरभेटी दोन गावांच्या मधात राहून जातात.

पिशवीत दोन्ही कार्डं, सोनोग्राफीचे कागद, आधार, पासबुक, फोनचा चार्जर. तुझ्यासाठी समोरून उघडणारे दोन-तीन गाऊन, सुती पॅड. बाळासाठी धुतलेली जुन्या सुती लुगड्याची चौकोनं भरपूर, टोपी, मोजे. नवीन कोरे कपडे नको. काजळ नको. पहिल्या दिवशी आंघोळ नको, हे काकूला आधीच सांग. काकूसाठी चप्पल जी धुता येईल, नखं कापलेली, बांगड्या कमी, खोबरेल तेलाची लहान बाटली, तांब्या, ग्लुकोज बिस्किटं, अन् तिची स्वतःची औषधं असली तर ती. रात्रभर उभं राहावं लागेल तिला, म्हणून तिनं घरून जेवूनच निघायचं.

जुन्या टाक्याच्या जागी कळ नसतानाही दुखत राहिलं, रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट पाहायची नाही, निघायचं.

वर्धेची_लेक
अन् मी तिथून जवळच राहते. तुझ्या पहिल्या तपासणीच्या दिवशी येते, मेसेजमध्ये नंबर टाकला आहे. सकाळी लवकर ये, केस पेपरच्या लाइनमध्ये मी आधी उभी राहते, तू पोराला घेऊन सावलीत बस.

तुरीची_शेंग
टाकला ताई नंबर. पुढच्या सोमवारी येते.